बंगळुरूला बदली झाली, आता मुलांची शाळा: केंद्रीय, सीबीएसई, आयसीएसई की राज्य मंडळ?

महाराष्ट्रातून बंगळुरूला बिऱ्हाड हलवताना शाळेचे खरे पर्याय चारच उरतात: केंद्रीय विद्यालय (केव्ही), खासगी सीबीएसई, आयसीएसई आणि कर्नाटक राज्य मंडळाची इंग्रजी माध्यमाची शाळा. आयबी-केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळा इथे धरलेल्या नाहीत. ती फी कंपनी भरणार असेल तर हिशेबच वेगळा होतो. नवोदयची मुख्य वाट सहावीच्या जिल्हानिहाय परीक्षेतून जाते, म्हणजे बदलीवाल्यांना तिचा फारसा उपयोग नाही.

'बंगळुरूतल्या टॉप टेन शाळा' अशा याद्या बाजूला ठेवा. निवड दोन प्रश्नांवर होते: मूल आत्ता कितवीत आहे आणि तुमचा मुक्काम किती वर्षांचा आहे. चौथीतल्या मुलाला उत्तम ठरणारी शाळा नववीतल्या मुलाला अडचणीत आणू शकते. शाळा तीच असते, नियम बदललेले असतात.

केंद्रीय विद्यालय

केंद्र सरकार, सैन्यदल किंवा केंद्राच्या उपक्रमात नोकरी असेल तर आधी इथे जा. बंगळुरूत आयआयएससी, मल्लेश्वरम, हेब्बाळ, जालहळ्ळी, एनएएल, डीआरडीओ, एमईजी अशा अनेक शाळा आहेत. बऱ्याचशा सैन्य, हवाई दल किंवा संशोधन संस्थांच्या आवारात किंवा त्यांना लागून असल्याने मैदान आणि झाडी बहुधा चांगली मिळते.

फीचा आकडा ऐकून खासगी शाळेत मुले घालणारे पालक दोनदा विचारतात. विद्यालय विकास निधी महिना ५०० रुपये, तिसरीपासून संगणक निधी १०० रुपये. आठवीपर्यंत शिकवणी शुल्क नाही. नववी-दहावीच्या मुलग्यांना महिना २०० रुपये, मुलींना माफ. म्हणजे पाचवीच्या मुलाचे वर्षाचे ७,२०० रुपये, तेही तिमाही हप्त्यांनी. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला जानेवारी २०२४ पासून दरमहा २,८१२ रुपये ५० पैसे बालशिक्षण भत्ता मिळतो, त्यात हा खर्च भागून गणवेश-पुस्तकांनाही उरतात.

घोडे अडते ते प्रवेशाला. प्राधान्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: आधी केंद्र सरकारी कर्मचारी, मग केंद्राच्या स्वायत्त संस्था आणि उपक्रम, मग राज्य सरकार, मग राज्याचे उपक्रम आणि शेवटी बाकी सगळे. एकाच पायरीवर अनेक जण असतील तर गेल्या ७ वर्षांत किती बदल्या झाल्या ते मोजतात. प्रत्येक बदली मोजली जात नाही. किमान २० किलोमीटर अंतर आणि आधीच्या ठिकाणी किमान ६ महिने मुक्काम लागतो. म्हणून सेवा प्रमाणपत्रावर बदल्यांचा आकडा आकड्यात आणि अक्षरात लिहून, कार्यालयप्रमुखाच्या सही-शिक्क्यासह घ्या. नुसत्या बदली आदेशाच्या झेरॉक्सवर काम भागवायला गेलात तर अर्ज परत येतो. खासगी नोकरीवाल्याने आशा धरावी ती दूरच्या, कमी मागणीच्या शाळेतच. खासदार कोटाही २०२२ मध्ये बंद झाला आहे, तेव्हा 'कुणाची तरी ओळख' शोधण्यात महिना घालवू नका.

मूल आधीपासून केव्हीत असेल तर काम सोपे: पालकाच्या बदलीवर केव्हीचाच दाखला घेऊन मूल वर्षाच्या मध्येही दुसऱ्या केव्हीत जाते. बाहेरून येणाऱ्याला दुसरी ते आठवी जागा रिकामी असेल तरच मिळते. नववीसाठी लेखी परीक्षा असते: हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे मिळून १०० गुण, वेळ ३ तास, किमान ३३ टक्के. महाराष्ट्र मंडळाची मुले यात गणिताला अडत नाहीत; नीट तयारी न केल्यास सामाजिक शास्त्रांत अडतात, कारण आपला इतिहासाचा भर आणि एनसीईआरटीच्या (केंद्रीय) पाठ्यपुस्तकांचा भर वेगळा आहे.

उणिवा? कंत्राटी शिक्षक वर्षाच्या मध्येच बदलतात, आणि शाळेची बस बहुतेक ठिकाणी नसल्याने व्हॅन तुमची तुम्हाला लावावी लागते. तरी दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घराला यापेक्षा चांगला पर्याय नाही. हिंदी-संस्कृत सगळीकडे तेच, पुस्तके तीच. लखनौला गेले तरी मूल पान उघडून पुढे वाचू लागते.

खासगी सीबीएसई

बंगळुरूला येणारी बहुतेक मराठी आयटी कुटुंबे इथेच येतात. फी वर्षाला ७० हजारांपासून ३ लाखांवर कुठेही. वेबसाइटवर दिसणारा आकडा शिकवणी शुल्काचा असतो. परत न मिळणारे प्रवेश शुल्क, परत मिळणारी अनामत, बस, गणवेश, पुस्तके आणि 'अॅक्टिव्हिटी' यांची बेरीज वेगळी. पहिल्या वर्षाचा आणि दुसऱ्या वर्षाचा पूर्ण खर्च वेगवेगळा लिहून मागा. त्याच महिन्यात घरमालक पाच-दहा महिन्यांचे भाडे डिपॉझिट मागत असतो, हे लक्षात ठेवून पैशांची सोय करा.

भेटीला जाण्याआधी घरी बसून एक काम करता येते. प्रत्येक संलग्न शाळेला तिच्या संकेतस्थळावर सक्तीचे जाहीर प्रकटन ठेवावे लागते. त्यात संलग्नता क्रमांक, राज्य सरकारचे ना हरकत प्रमाणपत्र, इमारत आणि अग्निसुरक्षेचे दाखले, फीची रचना आणि बोर्डाचे गेल्या तीन वर्षांचे निकाल असतात. हे पान सापडत नाही, किंवा उघडले की दाखल्याच्या जागी कोरा कागद स्कॅन केलेला दिसतो, तर पुढे जाऊ नका. 'सीबीएसई पॅटर्न' किंवा 'सीबीएसई अभ्यासक्रमावर आधारित' अशी पाटी म्हणजे संलग्नता अजून नाही, असेच धरा. अशा शाळेतल्या मुलांना ऐन वेळी राज्य मंडळाच्या परीक्षेला बसावे लागते. संलग्नता क्रमांक बोर्डाच्या संकेतस्थळावर टाकून शाळेचे नाव, पत्ता आणि 'माध्यमिक' की 'उच्च माध्यमिक' हा स्तर जुळतो का पाहा. एकाच संस्थेच्या पाच शाखा असतात, संलग्नता दोनच शाखांना असते आणि प्रवेश तिसऱ्या शाखेत दिला जातो, हा प्रकार या शहरात नवा नाही.

नववीत मुलाची बोर्डाकडे नोंदणी होते. दहावीत थेट प्रवेश मुळात सीबीएसईचीच नववी केलेल्याला, तोही पालकाची बदली वगैरे कारणाने आणि बोर्डाच्या परवानगीने मिळतो. महाराष्ट्र मंडळाची नववी करून सीबीएसईच्या दहावीत बसवतो असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

आयसीएसई

बंगळुरूत आयसीएसईच्या जुन्या, नावाजलेल्या शाळा आहेत आणि इंग्रजी लेखनाची तयारी तिथे खरोखर चांगली होते. दहावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्राचे स्वतंत्र पेपर. इंग्रजी भाषा आणि साहित्य वेगळे. इतिहास-नागरिकशास्त्र आणि भूगोल वेगळे. पाचवीपर्यंतच्या मुलाला हे सहज झेपते. सातवी-आठवीत मराठी किंवा सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलाला इंग्रजी साहित्याचा पेपरच दोन वर्षे पुरतो. शिवाय पुढची बदली छोट्या गावी झाली तर तिथे आयसीएसई सापडेलच असे नाही. बंगळुरूतच घर घेतलेल्यांसाठी हा पर्याय चांगला, फिरत्या नोकरीवाल्यांनी सोडून द्यावा.

राज्य मंडळ आणि कन्नड

मराठी पालक हा पर्याय बघतही नाहीत, आणि त्यात काहींचे नुकसान होते. इंग्रजी माध्यमाच्या चांगल्या राज्य मंडळ शाळा त्याच गल्लीतल्या सीबीएसईपेक्षा बऱ्याच कमी फीत मिळतात. गणित-विज्ञानाची माध्यमिक पुस्तके एनसीईआरटीच्याच चौकटीवर आहेत. दहावीला म्हणजे एसएसएलसीला ६२५ गुण: पहिली भाषा १२५, बाकी पाच विषय प्रत्येकी १००. भाषा तीन असल्याने निम्म्याहून अधिक गुण भाषांचे होतात, आणि त्यात एक कन्नड. पहिली-दुसरीत आलेल्या मुलाला ही अडचण नाही. आठवीत आलेल्याला आहे.

कन्नडपासून कुठल्याच बोर्डात पूर्ण सुटका नाही. कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१५ चा. त्याची अंमलबजावणी २०१७-१८ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि खासगी सीबीएसई-आयसीएसई शाळाही त्यात येतात. यावर कपाळाला आठ्या घालण्याआधी आपल्याकडचा २०२० चा मराठी सक्तीचा कायदा आठवावा; तोही सगळ्या बोर्डांना लागू आहे. शाळेत विचारायचा प्रश्न असा: 'मध्येच आलेल्या मुलाला कन्नड कितवी भाषा म्हणून देता, पहिल्या वर्षी त्याचे मूल्यमापन गुणांत करता की श्रेणीत, आणि अक्षरओळखीचा वेगळा वर्ग आहे का?' चांगल्या शाळेत या तिन्हीची उत्तरे तयार असतात. 'शिकेल हळूहळू' हे उत्तर म्हणजे घरी शिकवणी लावायची तयारी ठेवा.

मराठी मुलाला कन्नड शिकताना एक फायदा मिळतो: वर्णमालेचा क्रम तोच, ळ ओळखीचा, बाराखडीची कल्पनाही तीच. गाडी अडते ती दोन ठिकाणी. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ओ वेगळे लिहितात. देवनागरीच्या सवयीने मूल दोन्हीकडे एकच चिन्ह काढते आणि शुद्धलेखनाचे गुण तिथेच जातात. दुसरे म्हणजे जोडाक्षरात दुसरे व्यंजन खाली, वेगळ्याच आकारात लिहायचे. हे दोन धडे सुट्टीत घरी उरकले तर पहिले सत्र बरेच सुसह्य होते.

बदली बंगळुरूऐवजी बेळगाव-निपाणी-खानापूर भागात असेल तर तिथे मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, आणि एसएसएलसीला मराठी पहिली भाषा म्हणून घेता येते. बंगळुरूत हे घडणे अवघड. सीबीएसईच्या यादीत मराठी हा विषय आहे खरा, पण शाळेत शिक्षक नसेल तर यादीचा उपयोग नाही.

वयाची कात्री

सर्वाधिक गोंधळ पहिली-दुसरीच्या मुलांचा होतो, आणि कारण साधे आहे: तीन ठिकाणी तीन तारखा. महाराष्ट्रात पहिलीला ६ वर्षे त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण झाली तरी चालतात. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्चला पूर्ण झालेली लागतात. कर्नाटकात १ जूनला. २०२५-२६ साठी तिथे ५ वर्षे ५ महिन्यांपर्यंत सूट होती, पण ती त्या एका वर्षापुरती जाहीर झाली होती.

ऑक्टोबर २०१९ मध्ये जन्मलेले मूल धरा. ते जून २०२५ मध्ये पुण्यात नियमाने पहिलीत गेले. २०२६ मध्ये बंगळुरूला आल्यावर पालक दुसरी मागतात. केव्हीत दुसरीला ३१ मार्चला ७ वर्षे हवीत, मूल साडेसहाचेही नाही. मिळालीच तर पुन्हा पहिली. खासगी शाळा पहिली उत्तीर्णच्या दाखल्यावर बहुधा दुसरी देतात, पण तोंडी आश्वासनावर घरभाड्याचा करार करू नका. इयत्ता लिहिलेली ईमेल घ्या. खरे तर वर्षाच्या शेवटी जन्मलेल्या मुलाने एक इयत्ता पुन्हा केली तर काही बिघडत नाही. सहावी-सातवीत त्याचा फायदाच दिसतो. आजी-आजोबांना पटवणे अवघड जाते, एवढेच.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून महाराष्ट्रात खासगी शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या पालकांनी एक गोष्ट आधीच धरून चालावी: ती जागा सोबत येत नाही. कर्नाटकाने २०१९ पासून नियम बदलला. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत आरटीईचा प्रवेश मिळत नाही. बंगळुरूत अशी शाळा नसलेला परिसर शोधावा लागेल.

दाखला आणि नावाचा घोळ

शाळा सोडल्याचा दाखला मराठीत मिळतो. इंग्रजी प्रतही मागा. दुसऱ्या राज्यात जाताना त्यावर प्रतिस्वाक्षरी घेऊन ठेवा: प्राथमिकला गटशिक्षणाधिकारी, माध्यमिकला जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). काही शाळा ती मागत नाहीत, पण मागितली तर बंगळुरूहून सातारा किंवा अकोल्याला परतावे लागते.

त्याहून मोठी अडचण नावाची. आपल्याकडे जनरल रजिस्टरला आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. आधारवर क्रम उलटा. कर्नाटकात आद्याक्षरांची पद्धत, म्हणजे तिथल्या कारकुनाने 'पाटील आर्या संदीप' हे मुलाचे नाव 'पाटील' समजून 'पाटील ए. एस.' असे लिहिले की दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत तेच जाते. यूडायस प्लस या केंद्राच्या ऑनलाइन शाळा-नोंदीतले नाव आणि आधारवरचे नाव जुळले नाही तर अपार हा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक तयार होत नाही. म्हणून दाखला काढण्याआधी मुख्याध्यापकांकडून तीन गोष्टी करून घ्या: नोंदीतले नाव आधारप्रमाणे दुरुस्त करणे, यूडायसमधला मुलाचा कायम शिक्षण क्रमांक (पेन) दाखल्यावर लिहून घेणे, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर त्याची नोंद यूडायसच्या ड्रॉपबॉक्समध्ये टाकणे. शेवटचे राहून गेले तर नव्या शाळेला मूल त्यांच्या पटावर ओढून घेता येत नाही. मग ती शाळा तुम्हाला फोन करते, तुम्ही जुन्या शाळेला, आणि तिकडे मे महिन्याची सुट्टी लागलेली असते.

दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेला आठवीपर्यंतचा प्रवेश नाकारता येत नाही. हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे. खासगी विनाअनुदानित शाळेत मात्र हा आधार लावता येत नाही, तिथे दाखल्याची मुदत लेखी वाढवून घ्या.

दहावी-बारावी: इथे चूक महाग पडते

मूल डॉक्टर होणार असे घरात घोकले जात असेल तर हा परिच्छेद बदली स्वीकारण्याआधी वाचा. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेशाला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात, शिवाय अधिवास प्रमाणपत्र. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही सवलती आहेत. त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत शब्द न् शब्द पाहा. इकडे कर्नाटकच्या कोट्याच्या मुख्य कलमाप्रमाणे पहिली ते बारावीत पूर्ण ७ वर्षे कर्नाटकात शिकलेली हवीत, आणि दहावी किंवा बारावी तिथली.

आता मोजा. सहावीत आलेले मूल बारावीपर्यंत बरोबर ७ वर्षे भरते. सातवीत आलेल्याची ६ होतात. म्हणजे सातवी ते दहावीच्या दरम्यान येऊन दहावी-बारावी बंगळुरूत करणारे मूल महाराष्ट्राच्या वैद्यकीय कोट्यातून गेले आणि कर्नाटकच्या मुख्य कलमातही बसले नाही. तेलही गेले, तूपही गेले. उरतो १५ टक्के अखिल भारतीय कोटा आणि खासगी जागा. कर्नाटकात आणखी काही कलमे आहेत, पालकाचे शिक्षण-नोकरी वगैरे, ती केईए म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या पुस्तिकेत तपासा. अभियांत्रिकीत एवढी कोंडी नाही: महाराष्ट्रात पालकाच्या अधिवास प्रमाणपत्रावर 'टाइप बी' या उमेदवार-गटाची वाट उघडी राहते.

त्यामुळे आठवी-नववीतल्या, वैद्यकीयकडे कल असलेल्या मुलाला आजी-आजोबांकडे किंवा आई-वडिलांपैकी एकाबरोबर दहावी-बारावी संपेपर्यंत महाराष्ट्रात ठेवणे हा सल्ला जुनाट वाटला तरी बरोबर आहे. उलट सहावीपर्यंतचे मूल आणि दीर्घ मुक्काम असेल तर बिनधास्त हलवा, आणि राज्य मंडळाकडेही बघा. अकरावी-बारावी (पीयूसी) तिथे पीयू म्हणजे पदवीपूर्व कॉलेजात होते आणि केसीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या अभियांत्रिकी क्रमवारीत पीयूसीचे गुण निम्मे धरतात. मुक्काम दोन-तीन वर्षांचा असेल तर सीबीएसई घ्या आणि घरी मराठी वाचन-लेखन सोडू नका. परत गेल्यावर ते लागणार आहे.

वेळापत्रक आणि बस

बंगळुरूच्या बऱ्याच शाळा मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा पंधरवडाभर आधी. केजी आणि पहिलीचे प्रवेश आदल्या वर्षीच्या दिवाळीच्या आसपास सुरू होतात. दुसरीपासूनच्या रिकाम्या जागा जानेवारी ते एप्रिलमध्ये कळतात. मोठी सुट्टी दसऱ्याला असते, दिवाळीला दोन-चार दिवसच. घरी जायची तिकिटे त्या हिशेबाने काढा.

शाळा आधी ठरवा, घर नंतर. 'फक्त आठ किलोमीटर' या वाक्याला या शहरात अर्थ नाही. आउटर रिंग रोड किंवा हेब्बाळ उड्डाणपूल मध्ये आला की तेच आठ किलोमीटर तासाचे होतात. बसप्रमुखाला तीन गोष्टी विचारा: आपल्या थांब्यावर बस किती वाजता येते, त्या मार्गावर आपल्या आधी किती थांबे आहेत आणि परतताना मूल किती वाजता उतरते. मग एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी सव्वासातला नकाशावर तोच रस्ता उघडून पाहा. सोमवार आणि शुक्रवार नको, त्या दिवशी आकडे वेगळे दिसतात. पहिलीच्या मुलासाठी एका बाजूला चाळीस मिनिटांहून जास्त लागत असतील तर ती शाळा यादीतून काढा, मग तिथला तरणतलाव कितीही निळा असो.